काढून टाकलेला दावा

शेतकऱ्याच्या घरी विकतचा तांदूळ येणं ही आमच्याकडे लाज असे. गरिबी नव्हे, लाज. नाचणीची भाकरी खा, कुळथाची पिठी खा, कणगीचे कंद उकडून खा, कोणी काही विचारणार नाही. पण भाताचा मळा असलेला माणूस कट्टा गावच्या बाजारात तांदळासाठी पिशवी उघडून उभा राहिला, की लोक आधी पिशवीकडे बघत आणि मग त्याच्याकडे. आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, सहा वर्षं ती पिशवी उघडली. गर्दी ओसरल्यावर जात. दुकानदार तांदूळ ओतताना विचारी, "काय रे, मळो विकलंस की काय?" आबा हसत. घरी येऊन पिशवी आईच्या पायाशी ठेवत आणि गोठ्यात जात.

मळा विकला नव्हता. मळा पाण्याखाली होता.

आमचं गाव कट्ट्यापासून चालत तासाभरावर. दोन डोंगरांच्या मधून एक व्हाळ, म्हणजे ओढा, येतो, पावसाळ्यात फुगतो आणि चैत्रात नुसती वाळू उरते. त्याच्या काठी आमचा मळा. गावात पहिला रस्ता आला तो याच मळ्याच्या अंगावरून. रस्ते बांधणारं जे सरकारी खातं होतं त्याला गावात सगळे नुसतं 'खातं' म्हणत. रस्ता येणार म्हणून आबांना आनंदच झाला होता. मळ्याची एक पट्टी त्यांनी कुरकुर न करता दिली. मातीचा भराव पडला आणि व्हाळाचं पाणी जावं म्हणून भरावाखाली सिमेंटचा नळ घालून मोरी केली. हे काम झालं ऐन चैत्रात, व्हाळ कोरडा असताना. खात्याच्या ओव्हरसियरनी नळ बसवला तो जिथे जमीन घट्ट होती तिथे, म्हणजे उंचावर. आबा म्हणाले, "सायबानू, व्हाळ हयसून जाणा नाय. वायच खाली आसा तेची वाट." ओव्हरसियर म्हणाले, "आम्ही लेव्हल घेतली आहे."

हा शब्द आमच्या घरात राहिला. कोणी न बघता ठामपणे काही बोललं, की आई म्हणे, "लेव्हल घेतल्यान हा."

त्या पावसात काय झालं ते सांगायला शिक्षण लागत नाही. नळाच्या तोंडापर्यंत चढल्याशिवाय पाणी पलीकडे जाईना, आणि नळाच्या तोंडापर्यंत म्हणजे मळ्यात मांडीभर. लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, आठ दिवसांत कुजला. वरच्या दोन कुणग्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत, जे थोडं तगलं ते आईने कार्तिकात पाण्यात उभं राहून कापलं. विळा दिसत नसे, ती हाताने चाचपून कापी. घरी आणून पसरलं तर लोंब्यांवरच दाण्यांना मोड आलेले. असं सहा वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष सरल्यावर मी मॅट्रिक झाले तेव्हा कोल्हापूरच्या मामांनी मला कॉलेजसाठी नेलं. माझी हुशारी हे त्याचं कारण होतंच, पण घरातलं एक ताट कमी होईल हेही होतं. मी ते तेव्हाही जाणून होते आणि आजही सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं.

आबांनी खात्याला अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: 'स्थळपाहणी केली असता पाणी साचल्याचे आढळून आले नाही.' ते खोटं नव्हतं. पाहणीला आलेला माणूस माघात आला होता. माघात आमच्या मळ्यात गुरं चरतात.

मग आबा मालवणच्या वकिलांकडे गेले. वकील वयस्कर, सचोटीचे, पण त्यांचं सगळं आयुष्य भावाभावांच्या वाटण्या लढवण्यात गेलेलं. सरकारवर दावा त्यांचाही पहिलाच. त्यांनी एक गोष्ट नीट समजावली होती: सरकारवर दावा घालायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यापासून पुरे दोन महिने थांबावं लागतं. नोटीस रत्नागिरीला कलेक्टरकडे गेली. आम्ही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. पोच आली, तिच्यावर इंग्रजी तारीख होती. आबांनी पंचांग उघडून त्या तारखेची तिथी काढली. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. म्हणजे पौषातली सप्तमी हा एक महिना आणि माघातली सप्तमी हा दुसरा. आणि माघातली सप्तमी म्हणजे रथसप्तमी! आबांना यात देवाचाच हात दिसला. पोच त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली.

आमच्या गावात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाषाणावर ओले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेली मंडळी 'होय म्हाराजा' म्हणतात. उजवा दाणा आधी पडला की होकार, डावा पडला की नकार. याला कौल लावणं म्हणतात. मी कॉलेजात शिकले म्हणून याला हसणार नाही. माणूस काही करण्याआधी चार लोकांपुढे थांबतो आणि मनातलं मोठ्याने बोलतो, हे मला आजही चांगलं वाटतं. गुरवाने आबांनी सांगितलं तसं गाऱ्हाणं घातलं: सरकाराला नोटीस पोचली आहे, दोन महिने भरले आहेत, तेव्हा रथसप्तमीला दावा घालायचा असेल तर उजवा दे. उजवा दाणा पडला.

रथसप्तमीच्या सकाळी आबा मालवणला पोचले. वकिलांनी विचारलं, दोन महिने पुरे झाले ना? आबा म्हणाले, झाले, सप्तमी ते सप्तमी. पोच मागितली तर ती देव्हाऱ्यात. मागाहून आणा, असं म्हणून वकिलांनी सही केली. दावा दाखल झाला.

पुढचं वर्षभर आबा तारखांना जात राहिले. कोर्टात मळा कसा कुजला हे सांगायला ते तयारच होते. घरी गोठ्यात एकटे बसून ते साक्षीचा सराव करत, असं आईने मला नंतर सांगितलं. पण त्यांना साक्षीला कोणी बोलावलंच नाही. एक दिवस वकील बाहेर आले आणि म्हणाले, "दावा काढून टाकला." आबा घरी आले ते असे आले, की आईला वाटलं रस्त्यात काहीतरी अपघात झाला.

त्या सुमारास माझी बी.ए.ची परीक्षा संपली होती. निकालाची वाट बघायला मी घरी आले. गावात आमच्या दाव्याचीच चर्चा. सरकाराला कोर्टात ओढायला निघाला होता, आता मळापण जाईल, असं लोक म्हणत. कोणी पाणवठ्यावर आईला विचारलं, आता मळ्यात कमळं लावणार काय. आबा तर देवळातही जाईनासे झाले होते. त्यांच्या मनात एकच घर करून बसलं होतं: "माका कोर्टात खोटो ठरवल्यानी." माणसाला मळा गेल्याचं दुःख असतं, पण खोटा ठरल्याचं दुःख त्याहून आत जातं. आणि त्यांनी मळ्याचा नादच सोडायचं ठरवलं होतं. त्या वर्षी ते तरवा पेरणार नव्हते. मुंबईला गिरणीत कोणी ओळखीचं आहे का, हे विचारत होते. म्हणजे मळा जाणार होता तो सरकारमुळे नव्हे, आबांनी हात सोडल्यामुळे.

मी म्हटलं, कोर्टाच्या निकालाची नक्कल आहे का? होती. वकिलांनी दिलेली, फडक्यात बांधून ठेवलेली. इंग्रजीत. घरात ती आजवर कोणीही वाचलेली नव्हती, कारण वाचू शकणारी मी कोल्हापुरात होते. मी पडवीत बसून वाचली. मग पुन्हा वाचली. दोन्ही वेळा नीट समजली, हे मी अभिमानाने सांगते. कॉलेजच्या चार वर्षांत मी जे जे वाचलं त्यातलं इतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "तुमका कोणी खोटो म्हणूकच नाय. मळ्याचा नाव निकालात एकदाच इला हा, ता पण पत्त्यात."

"म्हणजे?"

"मोरी उंच आसा काय सकल, पाणी रवता काय नाय, ह्या जज्जांनी बघूकच नाय."

आबांना पटेना. "मगे वर्सभर ते थंय काय बघी होते?"

"क्यालेंडर," मी म्हटलं.

आणि ते खरंच होतं. कायदा म्हणतो दोन महिने, म्हणजे इंग्रजी महिने. सप्तमी ते सप्तमी असे दोन महिने मोजले तर एकोणसाठ दिवस होतात. डिसेंबर-जानेवारीचे इंग्रजी दोन महिने बासष्ट दिवसांचे. रथसप्तमीला दावा दाखल झाला तेव्हा सरकारचे तीन दिवस शिल्लक होते. सरकारी वकिलांनी हाच मुद्दा पहिल्यांदा काढला, आणि तो पहिलाच मुद्दा शेवटचा ठरला. मुदतीआधी आलेला दावा चालत नाही. निकालात शेवटी एक वाक्य होतं आणि मी ते आबांना मराठी करून तीनदा सांगितलं: कायद्याप्रमाणे नोटीस देऊन वादीने नव्याने दावा केल्यास हा निकाल त्याच्या आड येणार नाही.

आबांनी नक्कल हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "पण देवान उजवो दिल्यान."

आई आतून तांदूळ पाखडता पाखडता बोलली. "देवान बरोबर सांगल्यान. तुमी इचारलात ताच चुकीचा. दोन म्हयने भरले म्हणून तुमीच सांगितलात त्येका. तो काय म्हणतलो?"

यावर आबा हसले. वर्षभरात पहिल्यांदाच, असं आई म्हणते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कट्ट्याहून मालवणला गेलो. वकील मला बघून जरा अवघडले. मी पुढे झाले आणि वाद न घालता म्हटलं की तीन दिवस कमी पडले, ते आमच्याही मोजण्याने पडले. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नाही बाई. पोच बघितल्याशिवाय मी सही करायला नको होती." वकील असं म्हणतो तेव्हा त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं होतं. ते लगेच नवी नोटीस घालायला निघाले. मी थांबवलं.

मला रात्रभर एक गोष्ट छळत होती. सरकारला हे दोन महिने कायदा कशाला देतो? तर येऊन बघायला, आणि चूक असली तर कोर्टाच्या आधीच ती सुधारायला. आम्ही पहिल्या वेळी खात्याला दोन महिने दिले ते मार्गशीर्ष ते माघ. त्या दोन महिन्यांत कलेक्टर स्वतः आले असते तरी त्यांना गुरंच दिसली असती. म्हणजे तीन दिवसांची चूक ही आमची छोटी चूक. मोठी चूक ही, की आम्ही त्यांना कोरडे महिने दिले.

"नोटीस आता नको," मी म्हटलं. "ती ज्येष्ठात पोचू दे. म्हणजे त्यांचे दोन महिने पावसात जातील."

वकिलांनी माझ्याकडे बघितलं आणि मग आबांकडे. "ही कायद्याला होती काय?"

"नाय सायब," आबा म्हणाले, "मळ्याक होती."

नोटीस मी मराठीत लिहिली, वकिलांनी तिला कायद्याचं रूप दिलं. त्यात मी एक वाक्य घातलं होतं: मुदतीत कोणत्याही दिवशी येऊन पाहावे, मात्र पाऊस असतानाच पाहावे. वकील म्हणाले, नोटिशीत असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहू नये असं कुठे लिहिलं आहे का? ते वाक्य राहिलं. पोच आली ती या वेळी देव्हाऱ्यात गेली नाही. ती मी माझ्या वहीत ठेवली आणि कॅलेंडरवर दोन महिन्यांपुढच्या दिवसाला खूण केली. आबांनी कौल लावलाच, पण देवाला मुदतीच्या पुढचा दिवस विचारला. उजवा पडला. मी बरं म्हटलं.

याच दरम्यान माझा परीक्षेचा निकाल लागला. मामांचं कार्ड आलं, मी पास झाले होते. आईने सगळ्या वाडीत साखर वाटली. पाणवठ्यावर कमळांचं विचारणाऱ्या बाईंना तिने दोनदा दिली.

खात्याची माणसं आषाढात आली. या वेळी ओव्हरसियरबरोबर एक तरुण इंजिनियर होते. पाऊस जरा उघडला होता. भरावावर उभं राहून बघितलं तर एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला व्हाळात घोटाभर पाणी. ओव्हरसियर म्हणाले की ही जमीन पहिल्यापासूनच पाणथळ आहे, इथे शेत होतं असं फक्त या लोकांचं म्हणणं. मी उत्तर देणार होते. पण त्याआधीच आबा पाण्यात उतरले.

पाणी गढूळ, मांडीभर. खालचं काही दिसत नव्हतं. आबा सरळ चालत गेले, आणि पाणी त्यांच्या मांडीचं घोट्यावर आलं, कारण ते आता बांधावर होते. मग एका ठिकाणी काटकोनात वळले. पुन्हा सरळ गेले, पुन्हा वळले. पाच वर्षं पाण्याखाली असलेला प्रत्येक बांध त्यांनी पायांनी आम्हाला दाखवला. कुठे थांबले नाहीत, कुठे चाचपडले नाहीत. मधल्या एका जागी उभे राहून त्यांनी हाक दिली, "सायबानू, हय मोठो कुणगो. हेची माती घट्ट आसा. येतास?"

इंजिनियरनी बूट काढले. त्यांनी छत्री उलटी धरून काठीसारखी टेकत आबांच्या मागून बरोबर त्याच वाटेने जायला सुरुवात केली. ओव्हरसियरही निघाले, पण वळणाच्या जागी ते सरळ गेले आणि चिखलात रुतून कमरेपर्यंत बुडाले. आबा मागे न बघता म्हणाले, "लेव्हल बघून चला हो."

इंजिनियर हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं. परत आल्यावर त्यांनी नळाच्या तोंडाशी छत्री लावून पाण्याची उंची घेतली, मग पलीकडे उतरून व्हाळाच्या तळाची घेतली. आमच्या पडवीत बसून सगळं लिहून घेतलं. मला म्हणाले, नोटिशीतलं ते पावसाचं वाक्य कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. म्हणाले, ते नसतं तर मीसुद्धा दिवाळीनंतरच आलो असतो.

मुदत संपायला आठवडा असताना खात्याचं पत्र आलं. नळ चुकीच्या उंचीवर असल्याचं मान्य करून, पुढच्या पावसाळ्यापूर्वी तो व्हाळाच्या तळाशी बसवण्यात येईल असं त्यात लिहिलं होतं. दावा करू नये अशी विनंती होती. वकील म्हणाले, पत्र जपून ठेवा. त्यांनी काम नाही केलं तर हीच नोटीस घेऊन दावा घालता येईल, आणि हे पत्र आपला पहिला साक्षीदार.

तरी आबांचं मन कोर्टाकडे ओढत होतं. जज्जांनी एकदा तोंडाने म्हणावं, हा माणूस खरं बोलतो आहे. मला ते समजत होतं. वर्षभर ज्या साक्षीचा त्यांनी सराव केला ती कोणी ऐकलीच नव्हती. मी त्यांना म्हटलं की आता दोन गोष्टी आहेत, जज्जाचा शब्द आणि भात. दोन्हींसाठी थांबायचं तर आणखी किती पावसाळे जातील ते मला सांगता येणार नाही. तुम्ही ठरवा. मला वाटलं ते देवळात जातील. ते गेले नाहीत. पत्र हातात घेऊन त्यांनी मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, 'चुकीच्या उंचीवर' इथे थांबवलं आणि म्हणाले, "ह्या सरकारानच लिवल्यान मा? मगे जज्ज कित्याक व्हयो. भात व्हया."

जूनमध्येच एका हायस्कुलात मला शिक्षिकेची नोकरी लागली असती, पण मी नोटिशीच्या कामासाठी घरी राहिले आणि दिवाळीनंतर गेले. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. शाळेत मुलांना मी पहिल्या वर्षापासून एक गोष्ट सांगत आले: कागद हातात पडला की तो स्वतः वाचा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचू नका.

पुढच्या वैशाखात खात्याच्या माणसांनी भराव खणला, जुना नळ काढला आणि व्हाळाच्या तळाशी दोन मोठे नळ घातले. आबा रोज तिथे उभे राहत. कोणी त्यांना हटकलं नाही. त्या पावसाळ्यात व्हाळाचं पाणी रस्त्याखालून गेलं, मळ्यात थांबलं नाही. सरकारवर दुसरा दावा आम्हाला घालावा लागला नाही. त्या वर्षी आमचा मळा पिकला, आणि तेव्हापासून तो दर वर्षी पिकतो आहे.